चढणीचे मासे आणि ओढ्यावरची जागा

(रेडिओवरील भाषण)



मृग जवळ आला की या कार्यक्रमात बियाणे, खते, राब, रोपे यांविषयी आपण बोलतो. आज मात्र बोलायचे आहे ते एका भांडणाविषयी. हे भांडण दर पावसाळ्यात शेताच्या कडेला उभे राहते, आणि पुष्कळदा शेतातच येऊन पडते.

कोकणात, पालघर-ठाण्यापासून थेट सिंधुदुर्गापर्यंत, पहिला मोठा पाऊस झाला, पऱ्ये आणि वहाळ तांबडे होऊन धावू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढायला लागतात. कुणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुणी वलगणीचे. उन्हाळाभर सुकटीवर काढलेल्या माणसाला त्या ताज्या माशाची काय गोडी असते ते मी सांगायला नको. रात्री कंदील नि बॅटऱ्या घेऊन सारी वाडी ओढ्यावर लोटते. पाग घेऊन कुणी, गळ घेऊन कुणी, आणि बरेच जण खोयन घेऊन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, खोयन म्हणजे बांबूच्या काड्यांची विणलेली लांब, निमुळती पाटी. दगड रचून पाणी एका तोंडाकडे वळवायचे आणि त्या तोंडाशी ती बसवायची. आत गेलेला मासा परत फिरत नाही.

आता खोयन बसवायला सगळा ओढा सारखा नसतो. जिथे पाणी अरुंद होते, जिथे लहानसा धबधबा आहे आणि मासा उडी मारतो, जिथे शेताचे पाणी ओढ्याला मिळते, अशा मोक्याच्या जागा एका वहाळावर चार नाहीतर पाच. आणि वाड्या तीन. भांडण इथून सुरू होते.

पूर्वी रानातल्या शिकारीचेही असेच होते. ससा, भेकर, डुक्कर यांची हाक्याची शिकार असे. रान कुणी उठवायचे, कुठल्या वाटेवर कुणी दबा धरून बसायचे, जनावर एकाच्या बाराने जखमी झाले आणि दुसऱ्याच्या पुढ्यात पडले तर कुणाचे, हाकाऱ्यांचा वाटा किती, हे सारे म्हातारी माणसे तोंडपाठ सांगत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि ही शिकार बंद झाली. आज रानडुक्कर भातात लोळून गेला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. त्याच्या नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा लागतो. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. मला म्हणायचे ते एवढेच की रानातली शिकार गेली, तिच्याबरोबर जागा वाटून घेण्याची ती शिस्तही गेली. ओढ्यावर मात्र 'ही माझी जागा' म्हणणे तेवढे राहिले.

मग जागा कुणाची? कायद्याने पाहाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, हिच्या कलम 20 मध्ये सरळ लिहिले आहे. नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ आणि त्यातले साचलेले वा वाहते पाणी, हे दुसऱ्या कुणाच्या मालकीचे ठरलेले नसेल तर सरकारचे. तुमच्या आजोबांनी त्या ठिकाणी दगड रचले असतील, तुमच्या वडिलांनी चाळीस पावसाळे तिथे खोयन लावली असेल, त्याने जागा तुमच्या सातबाऱ्यावर चढत नाही. पण मंडळी, याचा अर्थ असाही नाही की कुणीही यावे आणि दुसऱ्याने दिवसभर खपून रचलेल्या दगडांवर स्वतःची खोयन ठेवून मोकळे व्हावे. जागा सरकारची असली तरी मेहनत माणसाची असते. बहुतेक गावांतली जुनी समजूत अशी, की ज्याने त्या पावसाळ्यात दगड रचले, वाट साफ केली, त्याचा पहिला हक्क. आणि लावलेल्या खोयनीत जे आले ते खोयनवाल्याचे. दुसऱ्याची खोयन उपसून मासे काढणे ही चोरीच समजली जाते, आणि ती तशीच समजली पाहिजे.

अडचण येते ती या समजुतीला शेवट कुठे ते कुणी न ठरवल्यामुळे. एकदा दगड रचले म्हणजे सारा पावसाळा ती जागा त्याची का? पुढच्या वर्षीही त्याची का? त्याचा मुलगा मुंबईला नोकरीला गेला आणि गणपतीला चार दिवस आला, तरी जागा राखून ठेवायची का? माझे मत विचाराल तर नाही. जागा कुणाची होत नाही, पाळी होते. पाण्याच्या पाळीचे आपल्याला नवल नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीत पिढ्यान् पिढ्या पाटाचे पाणी पाळीने फिरत आले. पाटकरी सांगेल तेव्हा दार उघडायचे, सांगेल तेव्हा लावायचे. तिथला शेतकरी 'पाट माझा' म्हणत नाही, 'पाळी माझी' म्हणतो. हेच ओढ्यावर करायला काय हरकत आहे? आज रात्री या जागेवर वरची वाडी, उद्या खालची, परवा पलीकडची. दगड सगळ्यांनी मिळून रचायचे, म्हणजे 'मी रचले' हा वादही उरत नाही.

वरची वाडी आणि खालची वाडी म्हटले म्हणून सांगतो, सगळ्यांत कडू भांडण इथले असते. खालच्या वाडीने ओढा या काठापासून त्या काठापर्यंत दगड, फांद्या, जुने जाळे लावून पुरा बंद केला, तर वरच्या वाडीपर्यंत मासा पोचतच नाही. वरचे लोक तीन रात्री रिकाम्या खोयनी उचलतात. चौथ्या रात्री कुणीतरी खाली येऊन बांध मोडतो. मग काठ्या निघतात. वरच्या लोकांचा राग मला समजतो, बांध मोडणे मात्र पटत नाही. पण मुळात ओढा पुरा अडवणेच चुकीचे आहे, आणि ते केवळ शेजाऱ्याच्या दृष्टीने नव्हे.

मासा वर का चढतो हे लक्षात घ्या. पोटात अंडी घेऊन तो चढतो. वर पाणी उथळ आहे, ऊबदार आहे, गवत आहे, भाताची खाचरे आहेत, तिथे पिलांना खायला पुष्कळ आणि मोठ्या माशांची भीती कमी. रोहूसारख्या माशाची एक किलोची मादी घेतली तर तिच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. आपल्या वहाळातले मासे लहान, त्यांची अंडी कमी, पण हिशेब त्याच जातीचा. पहिल्या चढणीला पाटीभर गाभोळीचे मासे कालवणात गेले की त्याबरोबर पुढच्या दोन वर्षांचे मासे गेले. 'पूर्वी किती मासे असायचे' असे आपण म्हणतो. धरणे झाली, वाळू उपसली गेली, कारखान्यांचे पाणी नदीत आले, ही कारणे आहेतच. पण पहिल्या पुराला ओढा पुरा बंद करणे हे कारण आपल्या हातचे आहे. समुद्रावर आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवतात, ती याच विचाराने.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, चढणीला मासे धरू नका म्हणून सांगायला सोपे आहे. मी तसे म्हणत नाही. म्हटले तरी कुणी ऐकणार नाही, तेही मला माहीत आहे. पण इतके तरी करता येईल. पहिला पूर आला की त्या पहिल्या दोन रात्री ओढा मोकळा सोडा. त्यानंतर खोयनी लावा, पण ओढ्याचा निदान तिसरा हिस्सा, आणि तोही खोल पाण्याचा, उघडा राहू द्या. खोयनीच्या काड्यांत बोट जाईल एवढी फट ठेवा. मच्छरदाणीचे कापड लावू नका, त्यात पिलेसुद्धा अडकतात. अंडी घालून झाली, पाऊस ओसरू लागला, की तेच मासे खाली उतरतात. भाद्रपद-आश्विनात या उतरणीच्या वेळी धरलात तर मासाही मिळतो आणि बीजही राहते. उतरणीचा मासा चवीला उतरतो म्हणतात. उतरत असेल, पण पुढच्या वर्षी तो असतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मृगाच्या पावसात आपले भात नुकतेच पेरलेले असते. रोपे, कुणी त्यांना तरवा म्हणतात, कुणी आवण, चार-सहा बोटे वर आलेली असतात. आणि नेमके त्याच रात्री ओढ्याकडे धावणारे लोक वाफ्यातून जातात. चिखलात बियाणे खोल दाबले जाते, कोंब मोडतात. एका रात्रीत दहा माणसे एका वाफ्यातून गेली तर लावणीला रोपे कमी पडतात, मग शेजाऱ्यापाजाऱ्याकडे मागत फिरावे लागते. याहून वाईट म्हणजे बांध फोडणे. खाचरात मासे चढलेत असे दिसले की एखादा दीडशहाणा रात्री बांधाला खिंडार पाडतो आणि तोंडाशी खोयन लावतो. पाण्याबरोबर मासे येतात हे खरे. पण त्याबरोबर वरची कसदार माती जाते, दिलेले खत जाते, बी वाहून जाते, आणि सकाळपर्यंत खिंडार हातभराचे चार हात होते. चार माशांसाठी एका घराचे भात गेले. ओढा सरकारचा असेल, बांध कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. हे नुकसान करणे गुन्हा आहे, आणि नुकसानभरपाई मागायचा शेतकऱ्याला पुरा हक्क आहे.

म्हणून जाण्या-येण्याची रीत पाळावी. ओढ्याकडे जायची वाट कुणाच्या शेतातून असेल तर दिवसाउजेडी त्या घरी जाऊन विचारावे. यात कमीपणा काही नाही.

"काका, तुमच्या कडेच्या बांधावरून खाली उतरू का? रात्री खोयन लावायची आहे."

"उतर रे बाबा. पण त्या फणसाखालच्या खाचरात पाय घालू नको, परवाच बी टाकलंय. आणि बरोबर किती जण?"

"मी आणि धाकटा, दोघेच."

"मग जा. सकाळी दोन मासे काकीला देऊन जा म्हणजे झालं."

एवढ्याने काम होते. बांधावरूनच चालायचे, एकामागे एक. ज्याच्या बांधावरून गेलो त्याला सकाळी वाटा द्यायचा, मागितला नाही तरी. दुसऱ्याच्या खोयनीच्या वर किंवा खाली अगदी लगत आपली लावायची नाही. निदान पंचवीस-तीस पावले अंतर राहू द्यावे. पाग टाकणाऱ्याने लावलेल्या खोयनींच्या मध्ये पाग टाकू नये. पिऊन ओढ्यावर जाऊ नये; रात्रीच्या निम्म्या मारामाऱ्या माशांवरून नसतात, बाटलीवरून असतात. आणि हंगाम संपला की खुंट, तारा, फाटकी जाळी उचलून आणावीत. पाण्यात राहिलेले जाळे वर्षभर मासे मारत राहते, कुणाच्याच पोटात न जाता.

भगिनींनाही इथे एक सांगायचे आहे. खेकडे, चिंबोऱ्या, बारीक मासे हे काम घरोघर बायका करतात, आणि त्यांच्याही जागा ठरलेल्या असतात. पुरुषांची बैठक होते तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही. विचारले पाहिजे. खेकडी धरलीत आणि पोटाखालच्या झडपेत बारीक पिले दिसली, तर तिला तिथेच सोडा. आणि बिळात हात घालण्याआधी काठी घाला. खेकड्याच्या बिळात साप निघतो, आणि आपल्याकडे घोणस, फुरसे, नाग सगळे आहेत. चावलाच तर कापू नका, चोखू नका, गच्च आवळून बांधू नका. माणसाला चालवू नका आणि थेट दवाखान्यात न्या.

आणखी एका गोष्टीबद्दल थोडे रोखठोक बोलतो. रायगड, ठाणे, पालघर भागात कातकरी बांधवांचे पावसाळ्यातले कालवण बरेचसे या ओढ्यांवर चालते. त्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे. आपल्यासाठी चढणीचे मासे म्हणजे हौस, त्यांच्यासाठी ती दोन वेळची सोय. जमीनवाला माणूस ओढ्याच्या काठी उभा राहून 'माझ्या शेताच्या समोरची जागा माझी' म्हणतो आणि त्यांना हाकलतो, तेव्हा कायदाही त्याच्या बाजूने नसतो आणि रीतही नसते. शेताच्या समोरचा ओढा शेताचा होत नाही. पाळ्या ठरवताना त्यांची पाळी पहिली धरा असे मी म्हणेन. ज्याच्या कणगीत भात आहे त्याने एक रात्र थांबायला हरकत नसावी.

शहरातून गाड्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचाही प्रश्न अलीकडे वाढला आहे. ओढा सरकारचा म्हणून त्यांना आडकाठी करता येत नाही असे नव्हे. तुमच्या शेतातून वाट द्यायची की नाही हे तुमच्या हाती आहे. पण शिवीगाळ करण्यापेक्षा गावाचा नियम सांगावा. आणि ज्याचे पाहुणे असतील त्याने जबाबदारी घ्यावी.

पाझर तलाव आणि लघुपाटबंधाऱ्याचे तलाव यांची गोष्ट निराळी, ती विसरू नका. ते पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेले असतात, आणि त्यात संस्थेने पैसे घालून बीज सोडलेले असते. तिथे 'सरकारी पाणी आहे' म्हणून पाग टाकता येत नाही. आधी चौकशी करा.

नियम करायचे तर केव्हा? पूर आल्यावर नाही. तेव्हा कुणी कुणाचे ऐकत नाही. रोहिणी नक्षत्रात, मेअखेरीस, पेरणीची तयारी चाललेली असते तेव्हा एका संध्याकाळी तिन्ही वाड्यांनी ओढ्यावरच जमावे. देवळात नको, शाळेत नको, ओढ्यावर; म्हणजे जागा बोटाने दाखवता येतात. कुठल्या जागा, कुणाची पाळी कधी, किती ओढा उघडा ठेवायचा, कुठल्या बांधावरून वाट, हे ठरवून एका वहीत लिहावे आणि वही एका माणसाकडे द्यावी. तो माणूस शक्यतो मासे न खाणारा असावा, हे मी थट्टेने म्हणत नाही. पुढे ग्रामसभेत ठराव करून घेतलात तर बरेच. मात्र ठराव म्हणजे मालकी नव्हे, ती गावाची आपसातली समजूत आहे. तरीही तंटा झालाच तर, 2007 साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगाव समित्या झाल्या होत्या; तुमच्या गावची समिती चालू असेल तर तिच्यापुढे न्यावा. दोनशे रुपयांच्या माशांसाठी तालुक्याच्या कोर्टाच्या तारखा करण्यात शहाणपण नाही.

एका बाबतीत मात्र समजूत-बैठक काही नाही, सरळ पोलिसांना कळवायचे. ते म्हणजे विष, स्फोटक आणि वीज. डोहात सुरुंगाची दारू फोडणे आणि पाण्यात विष घालणे, या दोन्हीला 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. जुन्या काळी रामेठ्याचा पाला, गेळफळ ठेचून डोहात टाकीत. आता काही जण पिकावरचे कीटकनाशक ओततात. ते पाणी खाली गुरे पितात, माणसे पितात, आणि ते मासे ज्याच्या घरी जातात त्याची मुले खातात. विजेचे तर विचारू नका. शेतपंपाची तार काढून पाण्यात सोडायची आणि तरंगणारे मासे वेचायचे. यात माणसे दगावली आहेत. अंधारात पाण्यात कोण उतरले आहे ते तार सोडणाऱ्याला दिसत नाही. खोयनीत कासव आले तर तेही पाण्यात सोडून द्यावे, त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

शेवटी तब्येतीचे. रात्रभर चिखलपाण्यात उभे राहता, पायाला चिरा, जखमा असतात. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा जखमांतून अंगात शिरतात. हा आजार कोकणात पावसाळ्यात होतो आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर जिवावर बेततो. जखम असेल तर पाण्यात उतरू नका. उतरावेच लागले तर गमबूट घाला, घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि चढणीच्या माशांना गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

राम राम.